झिजलेले अंगठे आणि शिरांची साक्ष

गोव्याहून लोंढा-खानापूरच्या वाटेने बेळगावला जाणाऱ्या आमच्या वाचकांस मच्छे हे गाव अपरिचित नसावे. शहर जवळ आल्याची खूण म्हणजे तेथील औद्योगिक वसाहत. फौंड्रीत वाळूचे साचे भरणारा आणि ओतीव लोखंडाचे कंगोरे घासून काढणारा कामगार दिवसभर हातांवरच जगतो. तिकडे निपाणीस, तंबाखूच्या जुन्या पेठेत, विडी वळणाऱ्या स्त्रियांचेही तेच. पान भिजवावे, कात्रीने कापावे, तंबाखू भरून वळावे, दोरा आवळावा आणि हजाराच्या हिशेबाने मजुरी घ्यावी. वर्षानुवर्षांच्या अशा कामाने बोटांवरील रेषा झिजतात. आणि रेशन दुकानातील यंत्र नेमक्या त्याच रेषा मागते! ‘अंगठा लागत नाही’ हे वाक्य आज गावोगाव ऐकू येते.

‘अंगठेबहाद्दर’ हा शब्द आपण निरक्षरांस हिणवण्यासाठी वापरीत आलो. ज्यांच्यापाशी अंगठ्यावाचून दुसरी सही नव्हती, त्यांचाच अंगठा आता नाकारला जावा, हा दैवदुर्विलास नव्हे काय? आणि या विद्येचा पाळणा हलला तोही आपल्याच देशात. विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने १८५८ साली एका कंत्राटदाराच्या पंज्याचा ठसा करारावर घेतला. पुढे १८९७ मध्ये कलकत्त्यास ठशांचे कार्यालय निघाले. तेथे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांचे वर्गीकरण घडवले, नाव मात्र त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचे झाले. २०१० च्या सप्टेंबरात नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे ‘आधार’चा आरंभ झाला, तेव्हा दहा बोटे आणि दोन्ही डोळे सरकारदप्तरी जमा होऊ लागले.

आता त्वचेखालच्या शिरांवरून माणूस ओळखणारे तंत्र पुढे आले आहे. डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण तळहातावर अथवा बोटावर सोडतात. शिरांतील प्राणवायू उणावलेले रक्त ते शोषून घेते आणि शिरांची जाळी काळसर उमटते. ही नक्षी माणसागणिक वेगळी, जुळ्यांचीही वेगळी. ती त्वचेच्या आत असल्याने वाळूने घासली जात नाही की तंबाखूने झिजत नाही. जपानी बँकांनी २००४ च्या सुमारास हे तंत्र पैसे देणाऱ्या यंत्रांत आणले. २०११ च्या भूकंप-सुनामीत पासबुके आणि कार्डे वाहून गेली. त्यानंतर तेथील एका बँकेने नुसत्या तळहातावर पैसे देणारी यंत्रे बसवली.

मग मच्छ्याच्या कामगारास याचा लाभ का मिळू नये? मिळावा, असेच आम्ही म्हणू. आजवर हे तंत्र तिजोऱ्यांच्या आणि कार्यालयांच्या दारांशी रमले. ज्यांचे हात झिजले त्यांच्या दारी ते आले नाही.

परंतु नव्या यंत्रावर भाळून जाण्याचेही कारण नाही. गारठलेल्या हाताच्या शिरा आकसतात. भर उन्हात ठेवलेले यंत्रही गोंधळते. २०१८ च्या डिसेंबरात जर्मनीतील लाइपझिग येथे दोघा संशोधकांनी साध्या कॅमेऱ्यात फेरफार करून शिरांची छायाचित्रे घेतली आणि मेणाचा हात घडवून अशा यंत्रास फसवले. परवलीचा शब्द चोरीस गेला तर दुसरा योजता येतो. हात दुसरा कोठून आणावा? म्हणूनच हा नमुना एका मध्यवर्ती कोठारात साठवण्यास आमचा विरोध आहे. जपानमधील काही बँकांनी तो ग्राहकाच्याच कार्डावरील चिपमध्ये ठेवण्याची रीत पाडली. रेशनकार्डासही ती लागू करता येईल.

मुख्य मुद्दा यंत्राच्या आधीचा आहे. ठसा जुळला नाही म्हणून कोणाचे धान्य रोखू नये, अशा सूचना केंद्राने २४ ऑक्टोबर २०१७ रोजी राज्यांस दिल्या. सर्वोच्च न्यायालयानेही २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात पात्र माणूस वंचित राहू नये, यावर भर दिला. तेव्हा अंगठा लागला नाही तर कार्ड पाहून, वहीत नोंद करून धान्य देणे ही दुकानदाराची मेहेरबानी नव्हे. ती वही प्रत्येक दुकानात सर्वांना दिसेल अशी असावी, आणि या सोयीचा फलक कन्नडबरोबर मराठीतही लागावा.

शिरांच्या यंत्राची परीक्षा घ्यायचीच असेल तर ती वातानुकूलित प्रयोगशाळेत नको. मच्छ्याच्या फौंड्रीतून सुटलेल्या पाळीवर आणि निपाणीच्या विडी वळणाऱ्या बायकांच्या हातांवर घ्यावी. त्यासाठी त्यांचा रोज बुडू देऊ नये, आणि शंभरातील किती हात यंत्राने ओळखले नाहीत, तो आकडा त्याच फलकावर लिहावा.