पहारेकरी म्हणजे पोलीस नव्हे

भिवंडीच्या गोदामांत रात्री लाखोंचे कापड पडून असते. पहारेकऱ्याशिवाय भागत नाही. पण त्याचा अधिकार किती, हे आम्ही व्यापारी त्याला सांगतच नाही. एकदा आमच्या गोदामात कापडाची एक गाठ कमी भरली. पहारेकऱ्याने नुसत्या संशयावरून एका हमाल पोराला रात्रभर कोंडून मारले. सकाळी गाठ दुसऱ्या पार्टीच्या मालात निघाली. पोराच्या बापापुढे आमची मान खाली गेली.

कायदा साफ आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम ४० प्रमाणे अजामीनपात्र व दखलपात्र गुन्हा डोळ्यांदेखत घडला, किंवा माणूस फरारी घोषित असला, तरच खासगी माणसाला त्याला धरता येते. मग ६ तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करावे लागते. पहारेकऱ्याने ११२ ला फोन करावा, जागा हलवू नये, वेळ व गाडीचा नंबर वहीत लिहावा आणि पाहिले तेवढेच पोलिसांना सांगावे.

आम्हीही २००५ च्या कायद्याप्रमाणे एजन्सीचा परवाना, पहारेकऱ्याची चारित्र्य पडताळणी आणि प्रशिक्षण पाहूनच माणूस ठेवावा. बांधवांनो, माल अमानत आहे, तशी मजुराची इज्जतही अमानत आहे. हिशेब दोन्हींचा द्यायचा आहे.