मुठीतील वाळू आणि यंत्राची बुद्धी

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत एका स्नेह्यांची फाउंड्री आहे. तेथे वाळूविभाग सांभाळणारे एक वृद्ध मिस्त्री आहेत. सारे त्यांना मामा म्हणतात. मिश्रणयंत्रातून बाहेर पडणारी वाळू ते मुठीत घट्ट दाबतात, मूठ उघडून तो गोळा मधोमध मोडतात आणि मोडलेली कड निरखून पाणी वाढवायचे की नाही ते सांगतात. शेजारीच प्रयोगशाळा आहे. तेथील उपकरण ओलाव्याचा आकडा अचूक देते. परंतु मामा शांतपणे म्हणतात, "मशीन बरोबरच सांगतंय, मालक. पण दुपारची वाळू गरम येते. साच्यापर्यंत जाईस्तोवर तिचं पाणी उडतं." दोन वर्षांनी मामा निवृत्त होणार आहेत. तीस वर्षांत त्यांच्या मुठीत साठलेले हे ज्ञान त्यांच्याबरोबर घरी जाणार की कारखान्यात राहणार, हा त्या मालकांपुढचा खरा प्रश्न आहे.

याच मालकांच्या अभियंता मुलाने कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित एक प्रणाली घ्यावी असा आग्रह धरला आहे. विक्रेत्याने रंगीत आलेख दाखवले आहेत, किंमतही सांगितली आहे. वडील म्हणतात, "हे मोठ्या कंपन्यांचे खेळ आहेत." मुलगा म्हणतो, "आज घेतले नाही तर उद्या बाजाराबाहेर फेकले जाऊ." महाराष्ट्रातील हजारो लघु व मध्यम उद्योगांच्या घरांतून आज हाच संवाद चालू आहे. आमच्या मते पिता आणि पुत्र दोघेही अर्धेच बरोबर आहेत.

इतिहासात याचे एक बोधप्रद उदाहरण सापडते. १८८२ मध्ये एडिसनचे वीजकेंद्र न्यूयॉर्कमध्ये सुरू झाले. तरीही १९०० च्या सुमारास अमेरिकेतील कारखान्यांच्या यांत्रिक शक्तीत विजेच्या मोटारींचा वाटा पाच टक्क्यांच्याही आसपास नव्हता. तो निम्म्यावर जाण्यास आणखी सुमारे दोन दशके लागली. पॉल डेव्हिड या अर्थतज्ज्ञाने १९९० मधील आपल्या निबंधात याचे कारण उलगडून दाखवले आहे. आरंभी कारखानदारांनी केवळ वाफेचे इंजिन काढून तेथे एक मोठी मोटार बसवली. छतालगतचा तोच लांब दांडा, तेच पट्टे आणि यंत्रांची तीच दाटी कायम राहिली. पुढे प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटार मिळाली, कामाच्या ओघाप्रमाणे यंत्रांची नवी मांडणी झाली, आणि तेव्हा कोठे उत्पादकतेने झेप घेतली. तात्पर्य असे की, लाभ केवळ नव्या शक्तीतून येत नाही. त्या शक्तीला अनुरूप अशी कामाची पुनर्रचना केली, तरच तो पदरात पडतो.

आज नेमके उलटे घडताना दिसते. प्रणाली आधी विकत घेतली जाते आणि तिने सोडवायचा प्रश्न नंतर शोधला जातो. हा पायाआधी कळस चढवण्याचा प्रकार झाला. पहिला प्रश्न असा हवा : आपला पैसा नेमका कोठे गळतो? फाउंड्रीपुरते बोलायचे तर बहुधा तो नाकारल्या गेलेल्या कास्टिंगमध्ये गळतो. वाळूत पाणी जास्त झाले तर वाफ कोंडून ब्लो होल पडतात. कमी झाले तर साच्याची कड ढासळून वाळू धातूत मिसळते. समजा, महिन्याला शंभर टन ओतकाम होते. नाकारलेल्या मालाचे प्रमाण सहा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आले, तर दरमहा एक टन धातू पुन्हा वितळवावा लागणार नाही. एक टन वितळवण्यास विजेच्या भट्टीत साधारण सहाशे युनिट वीज लागते. त्यावर वाळू, मजुरी, यंत्राचा वेळ आणि ग्राहकाचा रोष हे सारे वेगळेच. या बचतीशी प्रणालीचा वार्षिक खर्च ताडून पाहावा. गणित जमले तर पुढे जावे, न जमले तर विक्रेत्याला नमस्कार करावा.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. पैशाची प्रत्येक गळती या बुद्धीने बुजत नाही. अनेक लघुउद्योजकांची मुख्य व्यथा वेळेवर न मिळणारी येणी ही आहे. २००६ च्या कायद्याने सूक्ष्म व लघु उद्योगांची देयके जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकती करण्याचे बंधन घातले आहे. मोठा ग्राहक ते पाळत नसेल, तर कोणतेही यंत्र त्याला सद्बुद्धी देऊ शकत नाही. तेथे धैर्य आणि संघटित पाठपुरावाच लागतो.

दुसरी पायरी नोंदींची. यंत्र शिकते ते नोंदींवरून. आपल्याकडे वाळूच्या नोंदी एका वहीत, भट्टीच्या दुसऱ्या वहीत आणि नाकारलेल्या मालाच्या नोंदी तपासनिसाच्या खिशातील चिठ्ठीवर असतात. कोणत्या हीटचा धातू कोणत्या तापमानाला, कोणत्या साच्यात ओतला आणि त्यातील कोणता नग कोणत्या दोषाने बाद झाला, ही साखळी जुळत नाही, तोवर सर्वांत महाग प्रणालीही आंधळीच राहील. म्हणून पहिले सहा महिने काहीही विकत न घेता साध्या संगणकावर ही साखळी जुळवावी. पुष्कळदा दोषाचे कारण एवढ्यानेच उघडे पडते. आणि याच काळात मामांना सन्मानाने शेजारी बसवून त्यांचा प्रत्येक निर्णय, वेळ आणि कारण लिहून घ्यावे. 'दुपारची वाळू गरम येते' हे एक वाक्य नोंदीत उतरले की वाळूचे तापमान मोजण्याची गरज लक्षात येते. यंत्राला काय मोजायचे हे माणसानेच शिकवावे लागते.

तिसरा प्रश्न विवेकाचा. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि भाषेवर चालणारी ही साधने घरोघर पोहोचली. दरपत्रक, परदेशी ग्राहकाला पत्र, यंत्राच्या जाडजूड पुस्तिकेचा मराठी सारांश यांसाठी ती खरोखर उपयुक्त आहेत. इंग्रजीच्या धाकाने मागे राहिलेल्या उद्योजकाला तर ती आधारच वाटतील. परंतु ही साधने चुकीची गोष्टही आत्मविश्वासाने सांगतात. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात दोन वकिलांनी अशा साधनाने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे सादर केले आणि त्यांना पाच हजार डॉलरचा दंड झाला. त्याच वर्षी सॅमसंगच्या काही कर्मचाऱ्यांनी कंपनीची गोपनीय संगणकीय आज्ञावली अशा साधनात घातल्याचे उघड झाले, आणि कंपनीला त्यांच्या वापरावर बंदी घालावी लागली. ग्राहकाने विश्वासाने दिलेले आरेखन कोणत्याही फुकटच्या साधनात टाकणे म्हणजे तो विश्वास चव्हाट्यावर मांडणे होय. कोणती माहिती बाहेर जाणार नाही आणि कोणते उत्तर माणसाने तपासल्याविना वापरले जाणार नाही, याचा एक पानी लिखित नियम प्रत्येक कारखान्याच्या भिंतीवर असला पाहिजे.

चौथा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. कामगाराच्या मनात भीती आहे आणि ती अनाठायी नाही. तपासणीच्या टेबलावरील चार माणसांचे काम कॅमेरा करू लागला, तर त्या चौघांनी जायचे कोठे? लघुउद्योगाचे बळ त्याच्या कुटुंबभावात आहे. मालकाच्या घरचे लग्न आणि कामगाराच्या घरचे आजारपण तेथे परस्परांना ठाऊक असते. म्हणून यंत्र आणण्यापूर्वी मालकाने स्पष्ट शब्द द्यावा की, यामुळे कोणाची भाकरी जाणार नाही. त्याच माणसांना नवे काम शिकवले जाईल आणि बचतीत त्यांचाही वाटा असेल. असा शब्द मिळाला तर कामगार खऱ्या नोंदी करील. न मिळाला तर नोंदी खोट्या होतील आणि खोट्या नोंदींवर शिकलेले यंत्र मालकालाच बुडवील. येथे नीती आणि व्यवहार यांत अंतर उरत नाही.

हे सारे एकेकट्याने करणे कठीण आहे. केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये दहा हजार तीनशे कोटी रुपयांहून अधिक तरतुदीच्या 'इंडिया एआय' अभियानास संमती दिली. भारतीय भाषांसाठी 'भाषिणी' हा उपक्रम २०२२ पासून आहे. परंतु राजधानीतील तरतूद वसाहतीच्या फाटकाशी आपोआप येत नाही. ती आणण्याचे काम उद्योजकांच्या स्थानिक संघटनांनी अंगावर घ्यावे. दहा फाउंड्रींनी मिळून एक जाणकार तरुण नेमावा, अभियांत्रिकी महाविद्यालयाने आपले विद्यार्थी तेथे पाठवावेत, आणि प्रत्येकाचे व्यवसायरहस्य सांभाळून दोषांचा अनुभव एकत्र करावा. सहकाराची परंपरा असलेल्या या भूमीला हे अवघड वाटू नये.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला, तेव्हा त्याने जमीन बिघडते असा समज शेतकऱ्यांत होता आणि नांगर पडून राहिले. लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला अडाणी ठरवले नाही. त्याच्या मातीला आणि बैलांना पेलेल असा नांगर ते सुधारत गेले. १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, ती या चिकाटीतून. परकीय नमुना डोळे झाकून स्वीकारणे आणि नवे म्हणून झिडकारणे, या दोन टोकांच्या मधला तो मार्ग आजही खुला आहे.

मामांच्या निवृत्तीला दोन वर्षे आहेत. तेवढ्या अवधीत त्यांच्या मुठीतले ज्ञान नोंदीत उतरले, तर येणारे यंत्र त्यांचे शिष्य ठरेल. ते राहून गेले, तर कितीही बुद्धिमान यंत्र आणले तरी त्याला शिकवणारे त्या कारखान्यात कोणी उरलेले नसेल. प्रणालीच्या किमतीची चौकशी त्यानंतर करता येईल. वही मात्र उद्याच उघडली पाहिजे.