हात मोकळे ठेवणारी शाल



थंडी पडू लागली की घरातल्या विणकामाच्या सुया बाहेर निघतात. कुणाच्या तरी बाळासाठी टोपडे आणि मोजे, धाकट्यासाठी शाळेचा स्वेटर, घरधन्यासाठी बिनबाह्यांचा. ज्या बाईचे हात हे सगळे विणतात, तिच्या स्वतःच्या अंगावर मात्र बहुतेक घरांत एक जुनी शाल असते. शाल वाईट नाही. पण शालीला एक खोड आहे, ती सारखी घसरते. पहाटे पाणी भरताना, भाजीची पाटी उचलताना, झाडू मारताना, बसच्या दांड्याला धरून उभे राहताना एक हात शालीतच अडकून पडतो. मग बाई काय करते, तर शाल काढून ठेवते आणि थंडीत तशीच काम करते. खोकला धरला की दोष हवेला!

म्हणून या वेळी आम्ही असा प्रकार देत आहोत, जो शालीसारखा सोपा आहे आणि स्वेटरसारखा अंगावर टिकतो. फक्त एक लांबट चौकोन विणायचा, शाळेच्या पुस्तकात ज्याला आयत म्हणतात तो. त्याला दोन टोकांना थोडी शिवण घातली की दोन बाह्या तयार होतात आणि पाठ झाकली जाते. समोरून तो उघडा राहतो, त्यामुळे साडीच्या पदराला किंवा पंजाबी ड्रेसच्या ओढणीला अडचण होत नाही.

स्वेटर विणायला घेऊन अर्धवट सोडून दिलेल्या भगिनी पुष्कळ असतात. बहुतेकींचे घोडे अडते ते मुंढा आणि गळा या दोन ठिकाणी. तिथे टाके कमी करायचे, पुन्हा वाढवायचे, दोन्ही बाजू सारख्या आणायच्या, हे दिवसभर राबून आल्यावर डोक्यात बसत नाही. आयतात मुंढा नाही, गळा नाही, काही कमी करायचे नाही की वाढवायचे नाही. सरळ जायचे आणि सरळ थांबायचे.

असे सरळ कापड अंगाला बसवणे आपल्याला नवीन नाही. लुगडे म्हणजे आयतच. धनगरांची घोंगडीही आयतच. तिचे एक टोक दुमडून डोक्यावर खोळ केली की मेंढपाळ पावसात दिवसभर उभा राहतो. भिक्खूंचे चीवरही तुकडे जोडून केलेला आयतच असतो. मगधातल्या शेतांचे बांध पाहून भगवान बुद्धांनी आनंदांना तशी जोडणी करायला सांगितल्याचे विनयात आले आहे. सांगायचा मुद्दा असा की, कात्री न लावता अंग झाकण्याची अक्कल फार जुनी आहे.

आता प्रत्यक्ष काम. लोकर आणण्याच्या आधी एक प्रयोग जरूर करावा. जुन्या चादरीचा किंवा लुगड्याचा ४४ इंच लांब आणि २० इंच रुंद तुकडा घ्यावा. त्याच्या दोन्ही लांब कडा एकमेकींवर आणून तो मध्ये दुमडावा, म्हणजे ४४ बाय १०ची पट्टी होईल. आता जिथे दोन कडा एकत्र आल्या आहेत, तिथे डाव्या टोकापासून ११ इंच आणि उजव्या टोकापासून ११ इंच टाचण्या लावाव्यात. मधले २२ इंच उघडे ठेवावेत. झाले. दोन्ही नळ्यांत हात घालावेत. उघड्या भागाची एक कड मानेवर येते, दुसरी कमरेकडे जाते आणि दुमडीची रेघ पाठीवर आडवी बसते. हे वाचून लक्षात आले नाही तरी घाबरू नये. टाचण्या लावून अंगात घातले की पाच मिनिटांत कळते.

याच तुकड्यावर स्वतःचे माप ठरवावे. मैत्रिणीला मागे उभे करून, हात पसरून, एका कोपराच्या जरा खालून पाठीवरून दुसऱ्या कोपराच्या जरा खालपर्यंत दोरी धरावी. मध्यम बांध्याच्या बाईला हे माप साधारण ४४ इंच भरते. बाही मनगटापर्यंत नेऊ नये असा आमचा आग्रह आहे. भांडी घासताना, पीठ मळताना ती भिजते, आणि भिजलेली लोकर दिवसभर गार लागते. अंगाने भरलेल्या भगिनींनी रुंदी २० ऐवजी २४ इंच धरावी.

विणलेले कापड आणि चादर यांत एक फरक आहे. सगळे टाके सुलट विणलेले कापड लांबीच्या दिशेने ताणते, आणि इथे लांबीची दिशा बाह्यांकडे जाते. बाहीच्या स्वतःच्या वजनानेच ती हळूहळू उतरते. म्हणून दोरीने मोजलेल्या मापातून २ इंच वजा करून विणावे. ४४ आले तर ४२. बाह्यांची शिवणही मग ११ ऐवजी १० इंच घालावी, म्हणजे मधले २२ इंच कायम राहतात.

लोकरीविषयी थोडे सविस्तर बोलावे लागेल, कारण यात अंगावर बेतण्यासारखी गोष्ट आहे. बाजारात ज्याला सरसकट लोकर म्हणतात, ती पुष्कळदा मेंढीची लोकर नसून ॲक्रिलिकचा धागा असतो. ॲक्रिलिक स्वस्त असते, रंग झकास असतात, धुवायला सोपे, कसरही लागत नाही. पण ते आगीपुढे वितळते आणि वितळलेला धागा कातडीला चिकटतो. चूल, स्टो, गॅस यांच्यापुढे ज्यांचा बराच वेळ जातो, त्यांनी हे पक्के ध्यानात ठेवावे. मेंढीची लोकर सहसा भडकत नाही, ज्योत दूर केली की बहुधा विझते. दुकानदार काहीही सांगो, घरी आणलेल्या धाग्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून ताटलीवर जाळून पाहावा, शेजारी पाणी ठेवून. केस जळाल्यासारखा वास आला आणि राख बोटांनी चुरगळली तर ती लोकर. धागा भराभर आटत जाऊन शेवटी कडक काळा मणी राहिला तर ते ॲक्रिलिक. दोन्ही लक्षणे दिसली तर मिश्रण समजावे. आमचे म्हणणे असे नाही की ॲक्रिलिक घेऊच नये. बाजारात बसणारीला, पहाटे रस्त्यावर निघणारीला ते चांगले आहे, खिशालाही परवडते. फक्त स्वयंपाक करताना ते अंगावरून उतरवून खुंटीला टांगावे.

दुसरा मार्ग फुकटाचा आहे. घरातला लहान झालेला, कोपरांवर विरलेला स्वेटर उसवावा. आधी तो उलटा करून आतली शिवण पाहावी. तुकडे नुसते एकमेकांना टाचलेले असतील तर अख्खा धागा मिळतो. कडेला मशीनची दाट गुंफण असेल, तर ते तुकडे कापून शिवलेले असतात आणि उसवले की हातभर लांबीची चिंधोटीच हाती येते. असा स्वेटर उसवण्यात वेळ घालवू नये. उसवलेला धागा खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळावा, चार ठिकाणी सैल बांधावा, कोमट पाण्यात बुडवून न पिळता सावलीत टांगावा. वाळताना त्याच्या वेटोळ्या निघून जातात. वेटोळ्यांसकट विणले तर टाके कमी-जास्त येतात.

नवीन लोकर घेतल्यास सगळे गोळे एकाच वेळी घ्यावेत आणि वेष्टनावरचा लॉट नंबर जुळवून पाहावा. रंग एकच दिसला तरी वेगळ्या लॉटचा पट्टा उन्हात लगेच उठून दिसतो. मध्यम जाडीची लोकर आणि ६ नंबरच्या सुया असतील तर सुमारे ३०० ग्रॅम लागते. आपल्याकडे सुयांचे नंबर उलटे चालतात, नंबर मोठा तितकी सुई बारीक. पाकिटावर मिलिमीटर दिले असतील तर ६ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर, ८ नंबर म्हणजे ४.

आता तो भाग, जो सगळ्याजणी टाळतात. ३० टाके घालून ४० सुया विणाव्यात आणि एक तुकडा तयार करावा. तो धुऊन वाळवावा. मग कडा सोडून मधल्या ४ इंचांत किती टाके बसतात ते मोजावे. १६ आले तर इंचाला ४ टाके. आपल्याला २० इंच रुंदी हवी, म्हणजे ८० टाके घालायचे. तुमचा हात घट्ट असेल आणि ४ इंचांत १८ टाके आले तर इंचाला साडेचार झाले. अशा हाताने ८० टाके घातले तर रुंदी १८ इंचही भरणार नाही आणि बाही दंडात अडकेल. त्या भगिनीने ९० टाके घालावेत. पंधरा दिवसांचे काम वाया जाण्यापेक्षा एका संध्याकाळचा तुकडा परवडला. शिवाय तो तुकडा वाया जात नाही, गरम भांडे धरायला होतो. अर्थात ॲक्रिलिकचा असेल तर नाही.

विणायला काही अवघड नाही. ८० टाके सैल हाताने घालावेत. पहिली सुई सुलट, दुसरी सुलट, तिसरी सुलट, शेवटपर्यंत सगळे सुलटच. एक सुई सुलट आणि एक उलट असे विणले तर कापड दिसायला गुळगुळीत येते, पण त्याच्या कडा गुंडाळतात, आणि या प्रकारात तर कडाच मानेवर येतात. सगळे सुलट विणले की कापड दोन्ही बाजूंनी सारखे, जाड आणि सपाट राहते. प्रत्येक सुईचा पहिला टाका न विणता नुसता उचलून घ्यावा, म्हणजे कड साखळीसारखी स्वच्छ येते आणि शिवण घालायला सोपी जाते. नवा गोळा नेहमी कडेला जोडावा, मध्ये गाठ मारू नये. मधली गाठ पाठीला टोचते. एक ५० ग्रॅमचा गोळा संपल्यावर सुमारे ७ इंच विणून झालेले असते, त्यावरून लोकर पुरेल की नाही याचा अंदाज पहिल्या गोळ्यालाच येतो. उसवलेल्या धाग्यावर काम करणाऱ्यांना हे विशेष उपयोगी. कमी पडेल असे दिसले तर दोन्ही टोकांना ६-६ इंच दुसरा रंग घालावा. तो मुद्दाम घातल्यासारखा शोभतो. पण मग सुरुवातच दुसऱ्या रंगाने करावी लागेल, म्हणून पहिला गोळा संपताच हिशेब करावा.

४२ इंच म्हणजे इंचाला ८ सुया धरून ३३६ सुया. एकूण टाके सत्तावीस हजारांच्या घरात जातात. आकडा ऐकून सुई खाली ठेवू नये. सरावाचा हात मिनिटाला ३० टाके घालतो, म्हणजे १५ तासांचे काम. रोज एक तास मिळाला तर पंधरवडा. नवशिक्या मुलीला महिना लागेल. तो तास मिळतो कुठून, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर विणकामात नाही. घरातल्या इतरांनी रात्रीची भांडी घासली तर मिळतो. मुलगा असो की मुलगी, दहा-बारा वर्षांच्या लेकराला सुलट टाका एका बैठकीत शिकवता येतो. या प्रकारात दुसरा टाका नसल्यामुळे घरातल्या चौघांनी आळीपाळीने विणले तरी चालते. फक्त प्रत्येकाचा हात कमी-अधिक घट्ट असतो, म्हणून दोन घट्ट हातांच्या मध्ये एक सैल हात आला तर पट्टा दिसेल. दिसू द्यावा.

टाके बंद करताना हात सैल ठेवावा, नाहीतर बाहीचे तोंड आवळते. शिवण त्याच लोकरीने, बोथट टोकाच्या जाड सुईने घालावी. दोन्ही कडा शेजारी शेजारी ठेवून साखळीचा एक टाका या बाजूचा, एक त्या बाजूचा असे घेत जावे, धागा फार ओढू नये. शिवण जिथे संपते तिथे काखेचा ताण येतो. तेथे तीन-चार टाके एकावर एक घ्यावेत. बाहीचे तोंड ढगळ वाटले तर लोकरीची दोरी वळून कडेतून ओवावी आणि कामाच्या वेळी आवळून बांधावी. समोर दोन बोटांएवढी फीत आणि एक मोठे बटण लावले की वाऱ्यातही उघडत नाही.

धुताना खऱ्या लोकरीला गरम पाणी लावू नये, ती आटते आणि पुन्हा उलगडत नाही. रिठ्याचे कोमट पाणी उत्तम. पिळायचे नाही, जाड टॉवेलात गुंडाळून दाबायचे आणि खाटेवर पसरून वाळवायचे. दोरीवर टाकले तर बाह्या गुडघ्यापर्यंत येतील! उन्हाळ्यात ठेवताना धुतल्याशिवाय ठेवू नये. कसर स्वच्छ लोकरीपेक्षा घामाच्या आणि तेलाच्या डागांवर आधी जाते.

लहान मुलीसाठी हेच करायचे असेल तर माप तिच्या हातांचे घ्यावे, कृती तीच. उरलेल्या लोकरीतून कान झाकणारी टोपी कशी होते, ते पुढच्या अंकात पाहू.