सवड मिळत नाही, काढावी लागते

डोंबिवलीहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात, “माझे वय अठ्ठेचाळीस. मुलगा नोकरीला बंगळुरूला गेला आणि त्याची गिटार कपाटावर धूळ खात पडली. विकायची म्हणून खाली काढली, पुसली आणि विकायचे राहिले बाजूला, मीच वाजवायला बसले! मोबाईलवर एक कोर्स घेतला. चाळीस धडे आहेत. समोर मास्तर नाहीत, परीक्षा नाही, ‘आपल्या सवडीने शिका’ म्हणतात. चार महिने झाले, मी नवव्या धड्यावर अडकले आहे. बोटे दुखतात. सासूबाई म्हणतात, हे कसले विलायती खूळ! हे हसतात. लहानपणी गाण्याच्या दोन परीक्षा दिल्या होत्या, तिसरीच्या आधी लग्न झाले. आता हेही अर्धेच राहणार असे वाटून स्वतःचीच लाज वाटते. सोडून देऊ का?”

नाही हो, मुळीच सोडू नका. मात्र आजवर जसे शिकत आलात ती रीत बदला.

सगळी गोम त्या ‘सवडीने’ शब्दात आहे. बाईची सवड म्हणजे काय, ते तुम्हांआम्हांला वेगळे सांगायला नको. सकाळचे डबे, यांची लोकल, पाण्याची वेळ, सासूबाईंच्या गोळ्या, दुपारी दारावर येणारे कुरिअरवाले. सगळ्यांचे सगळे झाल्यावर उरेल ती आपली सवड. आणि उरते काय? कप्पाळ! चार महिन्यांत नऊ धडे झाले हा काही तुमचा आळस नव्हे. ज्या शिकण्याची कुणी वाट पाहत नाही, ते घरकामाच्या रांगेत नेहमी शेवटी उभे राहते, इतकेच.

घरी राहून, संसार सांभाळून शिकणे आपल्याकडे नवे नाही. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले, तेव्हा घरी अभ्यास करून परीक्षेला बसण्याची वाटही बायकांसाठी मोकळी ठेवली. पुढे कितीजणी त्या वाटेने शिकल्या! त्यांना तरी कुठे सवड होती? पण परीक्षेची तारीख ठरलेली असे. तारीख जवळ आली की घरातलेही म्हणत, “राहू दे गं भांडी, तू वाच.” तुमच्या कोर्सात धडे आहेत, नाही ती फक्त तारीख. ती आपण घालू या.

पहिले काम, रोजची वेळ ठरवा. पंधरा मिनिटे पुरेत, पण ती रोजची हवीत. रविवारी दीड तास बसून आठवडाभर गिटारीला हात न लावणे म्हणजे एका दिवशी सात दिवसांचे जेवण जेवण्यासारखे आहे. घरातल्यांना स्पष्ट सांगा, साडेतीन ते पावणेचार मी कुणाची नाही. पहिले आठ दिवस सगळे थट्टा करतील. नवव्या दिवशी दार लोटून घेतील.

दुसरे काम, कालनिर्णय काढा. दुधाचा हिशेब लिहितो त्याच चौकोनात, वाजवले त्या दिवशी एक टिंब द्या. शेजारी एक आकडाही लिहा. कॉर्ड म्हणजे तीन-चार स्वर एकदम वाजवणे, हे तुम्ही शिकलाच आहात. नवशिक्यांचा हात अडखळतो तो एका कॉर्डवरून दुसरीवर जाताना. तेव्हा दोनच कॉर्ड घ्या, घड्याळ लावून एक मिनिटभर एकीवरून दुसरीवर जा आणि किती वेळा जमले ते मोजा. आज आठ, पुढच्या आठवड्यात बारा. मास्तर नसले की आपण पुढे चाललो की नाही हेच कळत नाही. तो आकडा तुमचा मास्तर.

तिसरे, कोजागिरीची तारीख धरा. सोसायटीच्या गच्चीवर दूध आटत असताना एक गाणे, भले साधे का असेना, चारचौघांत वाजवायचे. शेजारणीला आजच सांगून ठेवा, म्हणजे मागे फिरता येणार नाही!

आता बोटांचे. डाव्या हाताच्या बोटांची टोके सुरुवातीला दुखतातच. रोज थोडे वाजवले तर तीन-चार आठवड्यांत कातडी घट्ट होते. भांडी-धुणे आटोपल्यावर ओल्या, मऊ पडलेल्या बोटांनी लगेच बसू नका. हात कोरडे करा, अर्धा तास जाऊ द्या. डाव्या हाताची नखे अगदी बारीक कापा. उजव्या हातातल्या बांगड्या लाकडावर आपटतात, त्या वर सारून रुमाल गुंडाळा. मंगळसूत्र पदरात घ्या, नाहीतर गिटारीच्या पाठीवर ओरखडे उठतात.

गिटार बरीच वर्षे कपाटावर होती म्हणता, म्हणजे तारा गंजल्या असणार. त्या बदला आणि दुकानदाराकडे हलक्या वजनाच्या मागा. मूळच्या तारा नायलॉनच्या असतील तर पोलादी कधीही लावू नका. त्यांच्या ताणाने तारा अडकवण्याची पट्टी उखडू शकते. मानेवर ज्या धातूच्या आडव्या पट्ट्या असतात त्यांना सतारीसारखे पडदे म्हणू या. बाराव्या पडद्यापाशी तार तीन मिलिमीटरपेक्षा बरीच उंच असेल तर दुकानातून ती खाली करून घ्या. निम्मे दुखणे तिथेच संपते. बोट ठेवायचे ते पडद्याला लागून, पण खुंट्यांच्या बाजूला. थेट पडद्यावर ठेवाल तर आवाज दबतो, लांब ठेवाल तर तार झणझणते. मनगट दुखू लागले किंवा बोटांना मुंग्या आल्या तर मात्र थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. पावसाळ्यात गिटार ओल धरलेल्या भिंतीला टेकवू नका आणि वाजवून झाले की तारा कोरड्या फडक्याने पुसा.

आणि त्या सुटलेल्या दोन परीक्षा! त्या वाया गेल्या असे का धरता? गिटारीवर प्रत्येक पडदा अर्ध्या स्वराचा असतो. सगळ्यात बारीक तार मोकळी छेडा आणि तिला सा म्हणा. दुसऱ्या पडद्यावर रे, चौथ्यावर ग, पाचव्यावर म, सातव्यावर प, नवव्यावर ध, अकराव्यावर नी आणि बाराव्यावर वरचा सा. आता म आणि नी गाळून वर जा, खाली या. काय वाजले? भूप! पाचव्या पडद्याऐवजी सहावा घेतलात आणि नी परत घेतलात, की तीव्र मध्यम लागून यमनाचे स्वर झाले. कॉर्डचा कंटाळा आला की पाच मिनिटे हे वाजवा. तिशी-पस्तिशी उलटून गेली तरी कान काही विसरलेला नसतो. सूर चुकला की तो आधी सांगतो.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना एवढेच सांगा, की भजनाला आपण जी पेटी घेऊन बसतो तीही मूळची विलायतीच. १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली होती आणि ती तीसेक वर्षे टिकली. आज पेटीवाचून आपले एक तरी भजन होते का? गिटारीचेही तसेच. पं. ब्रिजभूषण काबरांनी ती आडवी ठेवून, तारेवरून पट्टी सरकवत तिच्यावर राग वाजवले. १९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका त्यांची, पं. शिवकुमार शर्मांची आणि पं. हरिप्रसाद चौरसियांची. एखाद्या दुपारी सासूबाईंना ती ऐकवा. मग त्यांच्याच शेजारी बसून तुमचा भूप वाजवा. न जाणो, त्या ओळखतील!

सवडीचा कोर्स एकटीने पार पडणे कठीण, हेही खरे. पुढेमागे परीक्षेची हौस वाटली तर अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा असतात आणि तिथे वयाने थोराड विद्यार्थिनीला कुणी हसत नाही. सूर कानात राहावेत म्हणून अधूनमधून मैफलीलाही जात जा. कल्याणचा गायन समाज १९२६ सालचा, तोही तुमच्यापासून दोन-तीन स्टेशनांवरच.

मुलगा दिवाळीला येईल तेव्हा कपाटावर बघेल आणि विचारेल, “आई, माझी गिटार कुठे गेली?”

तेव्हा सांगा, “तुझी होती रे. आता माझी आहे.”

कोजागिरीला काय वाजवलेत ते मात्र कळवायला विसरू नका.