उधारीचा किराणा

शेतकरी कर्जबाजारी का होतो, असा प्रश्न निघाला की शहाणे लोक एकच उत्तर देतात : लग्नात उधळतो म्हणून! हे उत्तर आमच्या कानांवर इतकी वर्षे पडत आले आहे की आता आम्हीच ते एकमेकांस ऐकवू लागलो आहोत. लग्नाच्या उधळपट्टीची आम्ही तरफदारी करीत नाही. जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ सालीच थोडक्या खर्चात लग्न लावून दाखविले. तरी आज मंडप, वाजंत्री व जेवणावळी यांत वावर गहाण पडते, ही शरमेची गोष्ट होय. पण कर्जाचे मूळ तेवढेच आहे काय?

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे रयत सावकारांवर उठली व पुढे गावोगाव रोखे जाळले गेले. त्यावर सरकारने चौकशी कमिशन नेमले. या कमिशनने असा निर्वाळा दिला की, लग्नसणांच्या खर्चास लोक फाजील महत्त्व देतात. अधूनमधून येणाऱ्या लग्नापेक्षा खाण्याचे जिन्नस, बी, बैल व सरकारसारा यांसाठी वरचेवर घेतलेल्या लहान लहान रकमांनीच कर्ज जास्त फुगते. रयतेला उधळी म्हणणाऱ्यांनी हे कधी वाचले नसावे.

आपल्या नाशिक जिल्ह्यात आजही रीत तीच आहे. कांदा लासलगावी गेला, टोमॅटो पिंपळगावी गेला, द्राक्षाचा व्यापारी पैसे देऊन गेला, किंवा येवल्याच्या विणकराची पैठणी मागावरून उतरली, म्हणजे घरात पैसा येतो. तो एकदम येतो आणि लवकरच संपतो. मीठमिरची मात्र रोज लागते. मग पोराच्या हाती पिशवी देऊन सांगायचे, "जा, दुकानदाराला म्हणावे, मांडून ठेवा." काय मांडले, कोणत्या भावाने मांडले, हे दुकानदाराला ठाऊक आणि त्याच्या वहीला ठाऊक.

आम्ही शाळेत त्रैराशिक शिकवितो, ते येथे कामास येते. समजा, एका घरचा किराणा महिन्यास ४,००० रुपयांचा आहे, आणि उधारीच्या गिऱ्हाइकाला दुकानदार शेकडा ५ जास्त लावतो. म्हणजे महिन्यास २०० व वर्षास २,४०० रुपये गेले. पैसे साधारण दोन महिन्यांनी फिटतात असे धरले, तर हे वर्षास शेकडा ३० व्याज झाले. सवलतीचे पीककर्ज वेळेवर फेडणाऱ्यास शेकडा ४ ने मिळते, आणि मिठासाखरेवर आपण ३० देतो! याहून मोठी हानी ही की, ज्याची बाकी थकली त्याला दुसऱ्या दुकानाची पायरी चढता येत नाही. भाव विचारायला त्याचे तोंडच राहत नाही.

गावचा दुकानदार म्हणजे जुना सावकार, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. २०२० च्या टाळेबंदीत किती तरी घरांची चूल त्याच्याच उधारीवर पेटली. त्याचाही माल पुष्कळदा उधारीवर येतो, आणि कोणाचे खाते बुडाले की तो तोटा बाकीच्यांच्या भावात घालतो. दोष माणसापेक्षा रीतीत अधिक आहे.

म्हणून पहिली गोष्ट, आपली वही आपण ठेवावी. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांतील कुळांस पावती, खात्याचा उतारा व पासबुक मागण्याचा हक्क दिला होता. पण वाचता येईना, तेथे पासबुक काय करणार? आज घरोघर शिकलेली मुलगी आहे. जिन्नस, वजन, भाव, तारीख, एवढे तिने रोज लिहावे व महिनाअखेर आईबापांस वाचून दाखवावे. चहासाखरेला किती जाते आणि बापाच्या तंबाखूला किती जाते, हेही त्यात येईल. येऊ द्यावे.

दुसरे, पुडीचा मोह. पाच व दहा रुपयांच्या पुडीची किंमत तीच राहते, आतला माल कमी होत जातो. छापील किंमत म्हणजे जास्तीत जास्त किंमत. तीहून कमी घेण्यास दुकानदाराला मनाई नाही. मोठे पाकीट नेहमी स्वस्तच असते असेही नाही, म्हणून वजनाने भागून पाहावे. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या बांधीव धान्यावर व पिठावरही शेकडा ५ कर बसला. सुट्या धान्यावर तो नव्हता. घरी गहू निवडून गिरणीत दळणारी बाई अडाणी नव्हे, ती हिशेबी आहे. रेशनचे धान्य तर १ जानेवारी २०२३ पासून फुकट झाले : प्राधान्य कुटुंबास माणशी ५ किलो, अंत्योदय घरास ३५ किलो. अंगठा दिल्यावर पावती मागा आणि माप डोळ्यांनी पाहा.

पण खरा उपाय एकट्याने होण्यासारखा नाही. १८४४ साली इंग्लंडात रॉचडेल गावी विणकर व इतर कारागीर मिळून २८ जणांनी स्वतःचे दुकान काढले. पीठ, लोणी, साखर असा थोडाच माल होता. पण माल चोख, माप पुरे आणि विक्री रोखीने. नफा ज्याच्या त्याच्या खरेदीच्या मानाने परत वाटीत. आपल्याकडे मुंबईच्या नायगावात १९४८ साली कामगारांनी अपना बाजार उभा केला. १९७५ साली निघालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने तर दुकानही मांडले नाही. शेजारची घरे एकत्र येतात, यादी करून आगाऊ पैसे भरतात, घाऊक माल येतो आणि तो आपसांत वाटून घेतात.

हे आपल्या गावांत का होऊ नये? बचत गट आहेतच. दहा बायांनी मिळून साखरेचे ५० किलोचे पोते, तेलाचा १५ किलोचा डबा व तूरडाळ एवढेच आधी घ्यावे. टोमॅटो घेऊन बाजार समितीत गेलेली गाडी रिकामी परत येते, तिच्यात माल यावा. उन्हाळ कांद्याचे पैसे हाती येतील त्याच आठवड्यात दुकानदाराची जुनी बाकी निम्मी तरी फेडावी व दोन महिन्यांच्या किराण्याचे पैसे गटात वेगळे ठेवावेत. वाटप सर्वांसमक्ष, तराजू मध्ये ठेवून व्हावे, आणि उधारी पहिल्या दिवसापासून बंद असावी, मग ती गटाच्या अध्यक्षीणबाईंची का असेना.