पोळी बिघडली आणि बाफले जमले



मागच्या लेखात मी लिहिलं होतं की ताईच्या बाळंतपणासाठी जर्मनीला चालले आहे. त्यावर तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी एकच प्रश्न विचारला, "तू? बाळंतपण करायला?" प्रश्न अगदी रास्त होता. मी बी.ए. इंग्लिश. शेक्सपिअरच्या चार शोकांतिकांवर पानं भरून लिहू शकते, पण तुरीच्या डाळीला किती शिट्ट्या लागतात ते विचारलंत तर आईकडे बघते. खरं तर जायचं होतं आईलाच. पण दीड महिना आधी बाबांची अँजिओप्लास्टी झाली, आई त्यांच्यापाशी थांबली आणि 90 दिवसांचा व्हिसा माझ्या पासपोर्टवर आला.

आमचं घर इंदूरचं. घरात मराठी, गल्लीत हिंदी, सणाला पुरणपोळी आणि रविवारी दाल-बाफले. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्याचं काम आहे.

आईने बॅग भरून दिली. डिंक, खारकेची पूड, अळीव, मेतकूट, भाजणी, बाळंतशोपा. तूप मात्र काढून ठेवावं लागलं. युरोपात भारतातून दूध किंवा दुधाचे पदार्थ घेऊन जाता येत नाहीत, आणि त्यात तूपही आलं. आईला हा नियम काही केल्या पटेना. "बाळंतिणीचं तूप आहे म्हणावं," ती म्हणाली, जणू तिथला कस्टम अधिकारी आमच्या आळीतलाच कुणी आहे!

तुपाची काळजी पहिल्याच आठवड्यात मिटली. तिथे दुकानात साध्या लोण्याशेजारी आंबवलेल्या सायीचं लोणीही मिळतं. आपण साय विरजून लोणी काढतो, तसंच ते. 250 ग्रॅमच्या चार वड्या आणल्या, मंद आचेवर कढवल्या आणि स्वयंपाकघरात आमच्या इंदूरच्या घराचा वास सुटला. किलोभर लोण्याचं पाऊण किलोच्या वर तूप निघालं. तुमच्यापैकी कुणाची लेक-सून तिकडे असेल तर एवढंच सांगा, बिनमिठाचं आणि आंबवलेलं लोणी घे. डब्यातलं महाग तूप शोधत फिरू नकोस.

डाळीने मात्र रडवलं. सात शिट्ट्या झाल्या तरी डाळ टणकच. मी आईला फोन लावला, आईने कुकरची रिंग तपासायला सांगितली. शेवटी जिजाजींनी पाणी तापवायची किटली उघडून दाखवली. आत पांढरा थर. म्युनिकच्या भागात नळाला जड पाणी येतं आणि त्यातल्या कॅल्शियममुळे डाळी लवकर शिजत नाहीत. त्या दिवसापासून डाळ दोन तास भिजवायची आणि फिल्टरच्या पाण्यात शिजवायची असं ठरलं. जमलं.

हे सगळं मी उत्साहाने करत होते. सकाळी अळिवाची खीर, अकरा वाजता डिंकाचा लाडू, दुपारी मऊ भात, मेतकूट आणि तूप. आईची यादी फ्रिजवर चिकटवली होती. बटाटा नको, हरभऱ्याची डाळ नको, आंबट नको, गार नको, जड नको. ताई मुकाट्याने दोन घास खायची आणि ताटली बाजूला सारायची.

आणि रडायची. चौथ्या दिवशी सुरू झालं. बाळ रडलं की रडायची, बाळ झोपलं की रडायची. तिथे बाळंतिणीच्या घरी सुईण येते. तिला हेबामं म्हणतात. पहिले दहा दिवस ती रोज येऊ शकते, नंतर गरजेप्रमाणे बाळ बारा आठवड्यांचं होईपर्यंत, आणि खर्च आरोग्य विम्यातून होतो. आमची हेबामं पन्नाशीची, मोठ्या आवाजाची बाई. तिने ताईला एक चहा आणून दिला, बाळंतिणीला दूध यावं म्हणून तिथे पितात तो. मी पाकीट उघडून वास घेतला. बडीशेप, अ‍ॅनिस आणि शहाजिऱ्यासारखं एक बी. व्हिडिओ कॉलवर आईला दाखवलं तर म्हणाली, "अगं, ही तर त्यांची बाळंतशोपाच!" त्या दोघींना एकमेकींची भाषा कळत नव्हती, पण त्या दिवसापासून आईचं हेबामंबद्दलचं मत फारच चांगलं झालं.

त्या बाईने रडण्याबद्दलही नीट समजावलं. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी असं रडू येणं अगदी नेहमीचं असतं. शरीरातली हार्मोन्स एकदम खाली येतात, आणि बहुतेकींचं ते काही दिवसांत ओसरतं. पण दोन आठवडे उलटले तरी थांबलं नाही, तर ते अंगावर काढायचं नाही, डॉक्टरला दाखवायचं.

दोन आठवडे उलटले. थांबलं नाही.

मैत्रिणींनो, इथे मला एक कबूल करायचं आहे. त्या दिवसांत मी ताईकडे बघत नव्हते, तिच्या ताटलीकडे बघत होते. अर्धी वाटी भात उरला की मला तो माझा पराभव वाटायचा. एका रात्री तीन वाजता पाणी प्यायला उठले तर ताई ओट्यापाशी अंधारात उभी राहून नुसता पाव खात होती. गार, फ्रिजमधला, लोणी लावलेला. मला बघून तिने तो मागे लपवला. एकतीस वर्षांची माझी ताई, जिने मला सायकल शिकवली, ती माझ्यापासून पाव लपवत होती. मी काहीच बोलले नाही. पाणी प्यायले आणि जाऊन झोपले. आज वाटतं, तेव्हा तिथे थांबायला हवं होतं.

हेबामंच्या सांगण्यावरून जिजाजींनी डॉक्टरची वेळ घेतली. पुढच्या मंगळवारची. आईला मात्र सांगायचं नाही असं आम्ही तिघांनी ठरवलं. बाबांचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यात हे कुठे, असं म्हणून.

त्याच शनिवारी रात्री आट्याचा डबा रिकामा झाला. आपला आटा मिळणारं दुकान दूर शहरात, स्टेशनजवळ. गावातली दुकानं रात्री आठला बंद आणि रविवारी तर सगळंच बंद. घरात जिजाजींनी कधीतरी चुकून आणलेली गव्हाच्या पिठाची पुडी होती. फोलकोर्न म्हणजे कोंड्यासकट दळलेलं पीठ. मला वाटलं, गहूच आहे, पोळ्या होतील.

जर्मनीतल्या पिठाची एक गंमत सांगते. पुडीवर 405, 550, 1050 असे आकडे असतात. 100 ग्रॅम पीठ पूर्ण जाळलं तर किती मिलिग्रॅम राख उरते, तो हा आकडा. राख जास्त म्हणजे कोंडा जास्त. 405 म्हणजे साधारण आपला मैदा. फोलकोर्नवर आकडाच नसतो, कारण त्यात अख्खा गहू असतो. पण अख्खा गहू असला तरी तो आपला आटा नव्हे. आपल्या चक्कीच्या दगडाखाली गव्हातला स्टार्च चांगलाच भरडला जातो, त्यामुळे पीठ पाणी जास्त पितं आणि पोळी मऊ राहते. या पिठाचा कोंडा जाडा आणि पाणी पिण्याची ताकद कमी. माझी पहिली पोळी तव्यावर फुगलीच नाही. दुसरी लाटतानाच कडेने फाटली. तिसरी जिजाजींनी उचलून वाजवून दाखवली.

ताई बाळाला खांद्यावर घेऊन दारात उभी होती. ती आत आली, परातीतली कणीक दोन बोटांत घेतली, चोळली आणि म्हणाली, "वेडे, हे पोळीचं पीठ नाहीच. हे बाफल्याचं पीठ आहे."

कितीतरी दिवसांनी ती स्वतःहून काहीतरी बोलली होती. मी फ्रिजवरच्या यादीकडे पाहिलं. जड नको. मग यादी उलटी करून परत चिकटवली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. माळव्यात बाटी थेट भाजतात, बाफला आधी उकळतात आणि मग भाजतात, त्यामुळे तो आतून मऊ होतो. पीठ जाडसरच लागतं. इंदूरला आम्ही चक्कीवाल्याला मुद्दाम सांगून जाडं दळून आणतो, आणि इथे ते आयतं पुडीत होतं! अर्धा किलो पीठ घेतलं. मक्याचं जाडं पीठ हवं, तर पोलेंटा म्हणून जो मक्याचा रवा मिळतो तो मूठभर घातला. चार चमचे पातळ तुपाचं मोहन, तीन चमचे दही, अर्धा चमचा ओवा, हळद, मीठ आणि चिमूटभर सोडा. घट्ट भिजवून अर्धा तास झाकून ठेवलं. मोठ्या लिंबाएवढे गोळे करून मधे अंगठ्याने दाबले. मोठ्या पातेल्यात पाणी उकळून त्यात सोडले. आधी तळाशी बसतात, मग वर येतात. वर आल्यावरही थोडे राहू द्यायचे, एकूण पंधरा मिनिटं. मग कपड्यावर निथळून पूर्ण कोरडे करायचे. इथे घाई केली तर बाहेरून चामड्यासारखे होतात. ओव्हन 200 अंशांवर तापवून अर्धा-पाऊण तास, मधे एकदा उलटायचे. पंख्याचा ओव्हन असेल तर 180 पुरे. वर भेगा पडल्या की काढायचे, फडक्यात धरून दाबायचे आणि तुपात बुडवायचे. बुडवायचे म्हणजे बुडवायचेच, वरून चमच्याने सोडायचं नाही. आमच्या एवढ्या पिठाचे चौदा झाले.

रविवारी सकाळी भट्टी लावली. मी पीठ मळलं, गोळे ताईने वळले, बाळ जिजाजींकडे. आई रोज आपल्याकडच्या साडेतीनला फोन करायची, म्हणजे तिथले अकरा. आम्ही ठरवलं होतं, अकराला फोन होऊन जाईल, मग शांतपणे खाऊ. अकरा वाजले, फोन नाही. साडेअकरा झाले. आई आज विसरली म्हणून आम्ही बारा वाजता ताटं मांडली. तुपात निथळणारा पहिला बाफला ताईच्या ताटात पडला आणि फोन वाजला. तो मार्चचा शेवटचा रविवार होता. त्या दिवशी युरोपातली घड्याळं एक तास पुढे जातात. आईचे साडेतीनच वाजले होते, बदललो होतो आम्ही.

जिजाजींनी सवयीने व्हिडिओ उचलला. पडद्यावर आई, आणि आईच्या पडद्यावर बाफला.

मी तोंड उघडलं, पण ताईच बोलली. "आई, मीच करायला लावले. आणि ऐक, मंगळवारी मी डॉक्टरकडे जाणार आहे. मला रडू थांबत नाही. तीन आठवडे झाले. बाळाला घेतलं तरी छातीत काही होत नाही, नुसतं भ्यायला होतं."

आईच्या मागे बाबांचा टीव्ही चालू होता. तो बंद झाल्याचा आवाज आला. मग आई म्हणाली, "मला का नाही सांगितलंस?" आणि लगेच, ताई काही म्हणायच्या आत, "राहू दे. सांगितलंस ना आता. मंगळवारी आलीस की फोन कर. कितीही वाजले असू देत." थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग ती कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आली. "आणि ते बाफले कोरडे दिसताहेत. तूप नीट घातलंय का?"

ताईने तीन खाल्ले. डाळीबरोबर दोन आणि तिसरा कुस्करून, वर पिठीसाखर घालून.

बाफले खाऊन ताई बरी झाली असं मात्र समजू नका. मंगळवारी डॉक्टरांनी तासभर बोलून घेतलं, नाव दिलं त्या आजाराला, आणि दर आठवड्याला समुपदेशन सुरू झालं. मी परत निघाले तेव्हाही ते चालूच होतं. काही दिवस चांगले जायचे, काही दिवस ती तोंड फिरवून पडून राहायची. फरक एवढाच पडला की मी यादीऐवजी तिला विचारायला लागले, आज काय खाशील? कधी मऊ भात म्हणायची, कधी "काही नको, नुसती बस इथे." एकदा क्वार्क नावाचा तिथला घट्ट, दह्यासारखा पदार्थ मागितला. चक्का बांधायची गरजच नाही, साखर आणि वेलची घातली की दहा मिनिटांत श्रीखंड!

काल जिजाजींचा फोटो आला. त्यांनी एकट्याने बाफले केले होते. एका बाजूने काळेठिक्कर. मधे उलटायचं विसरले असणार. फोटोच्या कोपऱ्यात ताईचा हात दिसत होता, काळी बाजू सुरीने खरवडत असलेला.