रिपोर्ट नॉर्मल, पण चरबी काय म्हणते?

“रिपोर्ट तर सगळे नॉर्मल आलेत, मग वरणभातावर चमचाभर तूप जास्त घेतलं तर कुठं बिघडलं?” जेवायला बसल्यावर हा सवाल घरोघरी ऐकू येतो. त्याचं एक उत्तर आपल्या पोटावरच्या चरबीतच दडलेलं आहे.

चरबी म्हणजे शरीराची अडगळीची खोली, असा आपला समज. पण न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४मध्ये लेप्टिनचं जनुक शोधलं आणि हा समज मोडीत निघाला. लेप्टिन हे चरबीच्या पेशींत तयार होणारं संप्रेरक. अंगात साठा किती आहे, हे ते मेंदूला कळवतं. म्हणजे चरबी नुसती पडून नसते, कामही करते.

आपली जनुकं जन्मभर तीच राहतात. मात्र त्यांचं काम पंख्याच्या रेग्युलेटरसारखं कमी-जास्त होतं, आणि त्यात आहाराचाही हात असतो. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी पोट सुटलेल्या २० जणांवर हे तपासलं. आठ आठवडे काहींच्या जेवणात लोण्या-तुपात भरपूर असणारी संपृक्त चरबी जास्त ठेवली, तर इतरांच्या जेवणात ऑलिव्ह किंवा शेंगदाणा तेलात जास्त असते तशी एक-असंपृक्त चरबी.

२००९मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या गटाच्या चरबीत दाह निर्माण करणारी जनुकं अधिक कामाला लागली होती. गंमत म्हणजे इन्सुलिनच्या परिणामात तोवर काहीच फरक दिसत नव्हता! दुसऱ्या गटात उलट चित्र होतं. त्यांचं वाईट कोलेस्टेरॉलही उतरलं. जखम झाली की दाह उपयोगी पडतो. पण तो आतल्या आत धुमसत राहिला, तर मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढतो.

प्रयोग छोटा होता, तेव्हा तुपाचा डबा लगेच फेकू नका. हिशेब मात्र ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते संपृक्त चरबीतून दिवसाच्या १० टक्क्यांहून जास्त उष्मांक येऊ नयेत. २००० उष्मांकांच्या आहारात ही मर्यादा साधारण २२ ग्रॅम होते. मोठा चमचा, म्हणजे १५ ग्रॅम तुपातच जवळपास ९ ग्रॅम संपृक्त चरबी असते. साय, बिस्किटं, वनस्पती तुपातली मिठाई हे सगळं वेगळंच!

या महिन्यात घरात किती तूप, लोणी आलं, ते माणशी भागून पाहा. आकडा पाहून कदाचित तुमचाच हात आखडेल.